सोन्याच्या मुलुखाचें दफ्तर

सरकारी दफ्तर म्हटलें कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें धुळीनें भरलेले रुमाल, बोरूनें लिहिलेली मोडी आणि चष्मा कपाळावर सरकवून बसलेला एकादा वृद्ध कारकून उभा राहतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरानें आपणांस ही संवय लावून ठेविली आहे. दफ्तर म्हणजे लढाया, तह, सनदा आणि जमाखर्च. त्यांत औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीला किंवा एकाद्या चोराच्या फोटोला जागा असेल असें आपल्या मनांतहि येत नाहीं. आज मी ज्या दफ्तराविषयीं बोलणार आहें त्यांत असल्या वस्तु हजारोंनीं आहेत, आणि माझ्या मतें तह व सनदा यांच्यापेक्षां त्याच अधिक बोलक्या आहेत. हें दफ्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया संस्थानचें. तें त्या संस्थानच्या राजधानींत, साक्रामेंटो येथें आहे.

प्रथम ह्या दफ्तराचा जन्म कसा झाला तें थोडक्यांत सांगतों. १८४८ च्या जानेवारीच्या २४ तारखेस कोलोमा येथें लांकूड कापण्याच्या एका गिरणीच्या पाटांत सोन्याचे कण दिसले. त्यानंतर नवव्या दिवशीं मेक्सिकोनें तह करून हा सारा प्रांत अमेरिकेच्या स्वाधीन केला. सोन्याची वार्ता तह करणाऱ्या दोन्ही पक्षांच्या कानीं अद्याप गेलेली नव्हती! पुढल्या वर्षीं जगाच्या चारी कोपऱ्यांतून माणसें तेथें लोटलीं. त्याच वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत माँटेरे गांवीं ४८ प्रतिनिधि जमले आणि त्यांनीं नव्या संस्थानची घटना तयार केली. ही घटना इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत लिहिली गेली, व पुढील सर्व कायदे दोन्ही भाषांत प्रसिद्ध व्हावे असा निर्बंध तिच्यांत घातला गेला. तीस वर्षांनीं, म्हणजे १८७९ सालीं, दुसरी घटना झाली तेव्हां तो निर्बंध गळाला आणि सरकारी कामकाज केवळ इंग्रजींत चालावें असें ठरलें. दोन्ही घटना शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे त्या तीस वर्षांत त्या मुलुखांत कोणाचें काय झालें हें समजावयास दुसऱ्या ग्रंथाची फारशी गरज उरत नाहीं.

कॅलिफोर्निया अमेरिकेच्या संघांत रीतसर दाखल झाला तो १८५० च्या सप्टेंबरांत. परंतु त्याच्या अगोदरच, त्या वर्षाच्या जानेवारींत, तेथील पहिल्या गव्हर्नरानें, पीटर बर्नेट यानें, ज्या पहिल्या कायद्यावर सही केली तो सार्वजनिक कागदपत्र जपून ठेवण्याविषयींचा होता. जेथें लोक तंबूंत राहत होते, जेथें एका अंड्यासाठीं सोन्याची पूड तोलून द्यावी लागे, तेथें पहिला कायदा दफ्तराचा! ह्यांत इतिहासप्रेमाचा भाग किती होता, याविषयीं मला शंका आहे. खरें कारण जमीन. स्पेनच्या आणि मेक्सिकोच्या अमलांत तेथील घराण्यांना मोठमोठीं कुरणें इनाम मिळालीं होतीं. ह्या इनामांचे पुरावे म्हणजे अर्जांचे व हुकुमांचे कागद, आणि बरोबर हातानें काढलेले नकाशे. त्या नकाशांत ओढा आहे, टेकडी आहे, एकटें उभें असलेलें ओकचें झाड आहे. मोजणीची सांखळी मात्र क्वचितच दिसते. १८५१ च्या कायद्यानें ह्या इनामदारांना आपला हक्क नव्या सरकारपुढें सिद्ध करून दाखवावा लागला. ज्याच्या हातीं कागद त्याची जमीन. आणि कागद असूनहि खटल्याच्या खर्चांत ती गेली अशीं घराणीं थोडीं नव्हतीं. आपल्याकडील इनाम कमिशनची ज्यांना माहिती आहे त्यांना ही हकीकत ओळखीची वाटेल. काळहि जवळजवळ तोच.

आतां मार्क्यांकडे वळूं. आपण बाजारांत काड्यापेटी मागतों, कापडाचें ठाण मागतों, चहा मागतों, तो अमक्या छापाचा म्हणून मागतों. पूर्वीं मँचेस्टरच्या व पुढें मुंबईच्या गिरण्यांच्या ठाणांवर देवादिकांचीं रंगीत चित्रें चिकटविलेलीं असत. कित्येक घरांत तीं जपून काढून भिंतीवर लावीत. ह्या चित्रांचा उपयोग असा कीं, अक्षरशत्रु गिऱ्हाइकालाहि आपला माल ओळखतां यावा. कॅलिफोर्नियांत तर ही गरज चौपट होती. तेथें चीन, चिली, जर्मनी, आयर्लंड, फ्रान्स अशा देशांचे लोक एकाच खाणींत खपत होते. एकाची लिपि दुसऱ्यास येत नव्हती. तेव्हां खोटा माल विकणाऱ्यास चांगलेंच फावलें. म्हणून १८६३ सालीं तेथील कायदेमंडळानें मार्के नोंदण्याचा कायदा केला. व्यापाऱ्यानें आपल्या मार्क्याचा नमुना, त्याचें वर्णन आणि तो आपलाच आहे असें प्रतिज्ञेवर केलेलें निवेदन संस्थानच्या चिटणिसाकडे द्यावें, फी भरावी, आणि निश्चिंत असावें. साऱ्या अमेरिकेकरितां असा कायदा व्हावयास १८७० साल उजाडलें. आणि तोहि १८७९ सालीं तेथील सर्वश्रेष्ठ न्यायालयानें रद्द ठरविला. मार्का म्हणजे शोध नव्हे आणि ग्रंथहि नव्हे, मग घटनेनें काँग्रेसला दिलेल्या अधिकारांत तो बसवावा कोठें, असा तो वाद होता. वकिलांच्या ह्या वादामुळें साक्रामेंटोच्या वह्यांचें महत्त्व मात्र वाढलें.

चिटणिसाच्या कचेरींत ह्या चिठ्ठ्या आल्या त्या कायद्यासाठीं. मार्का कोणाचा व तो पहिल्यानें कोणीं आणला एवढेंच कारकुनास पाहावयाचें होतें. चित्र सुंदर आहे कीं नाहीं, औषध गुणकारी आहे कीं विषारी, हें पाहणें त्याचें काम नव्हें. त्यामुळें तेथें सर्व कांहीं येऊन पडलें. द्राक्षाची दारू आहे, डब्यांतले सामन मासे आहेत, फळें आहेत, पीठ आहे, साबण आहे, चिरूट आहेत, आणि सर्व रोगांवर रामबाण म्हणून विकलेलीं कडू औषधें आहेत. ह्या कडू औषधांत मद्यार्क इतका असे कीं, पिणाऱ्यास घटकाभर तरी बरें वाटलेंच पाहिजे! १८६९ सालीं पूर्वकिनाऱ्याशीं आगगाडीनें संबंध जुळला आणि फळांच्या पेट्या हजारों मैल दूर जाऊं लागल्या, तेव्हांपासून तर सान फ्रान्सिस्कोच्या शिळाछापखान्यांना उसंत राहिली नाहीं. आज कोणी त्या काळच्या लोकांचें खाणेंपिणें, रोगराई, सौंदर्याची आवड आणि फसविण्याच्या रीति यांचा अभ्यास करूं म्हणेल, तर त्यानें गव्हर्नरांचीं भाषणें बाजूस ठेवून ह्या चिठ्ठ्या उघडाव्या.

त्या काळच्या मार्क्यांपैकीं एक आपल्या तरुण मंडळींच्या अंगावर आजहि दिसतो. बव्हेरियांत जन्मलेला लेव्ही स्ट्रॉस नांवाचा कापडव्यापारी १८५३ सालीं सान फ्रान्सिस्कोस आला. जेकब डेव्हिस नांवाच्या एका शिंप्यानें विजारींच्या खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या खिळ्या ठोकून त्या मजबूत करण्याची युक्ति काढली होती. दोघांनीं मिळून १८७३ च्या मे महिन्यांत तिचें पेटंट घेतलें. पेटंट कांहीं जन्मभर पुरत नाहीं. त्याची मुदत १८९० च्या सुमारास संपावयाची होती. मुदत संपण्यापूर्वींच, १८८६ पासून, त्यांच्या विजारींच्या पाठीवर चामड्याचा एक तुकडा येऊं लागला. त्यावर चित्र असें कीं, एकाच विजारीस दोन बाजूंनीं दोन घोडे जुंपले आहेत, दोघे विरुद्ध दिशांस ओढीत आहेत आणि विजार फाटत नाहीं. ज्याला इंग्रजी वाचतां येत नसे तो दुकानांत जाऊन दोन घोड्यांची विजार मागे. १९२८ पर्यंत त्या मालाचें नांवच ‘दोन घोडे’ असें होतें.

१९०६ च्या एप्रिलच्या १८ तारखेस पहाटे सान फ्रान्सिस्कोस भूकंप झाला आणि पाठोपाठ लागलेली आग तीन दिवस विझली नाहीं. त्या आगींत लेव्ही स्ट्रॉसच्या कंपनीचें जुनें दफ्तर जळालें. छापखाने जळाले, त्यांचे दगड व नमुने गेले. त्याच आगींत, स्पॅनिश व मेक्सिकन अमदानीचे मूळ कागद, जे अमेरिकन सरकारच्या मोजणीखात्यानें त्या शहरांत आणून ठेविले होते, तेहि बहुतांशीं भस्म झाले. पुस्तकविक्रेता आणि इतिहासकार ह्यूबर्ट बँक्रॉफ्ट यानें पूर्वीं कारकून बसवून जे उतारे करून घेतले होते त्यांवर आणि साक्रामेंटोंतील नकलांवर आज अभ्यासकांची मदार आहे. साक्रामेंटो दूर, आंतल्या बाजूस असल्यामुळें तेथील दफ्तरास आगीची झळ लागली नाहीं. एका विजारीच्या चिठ्ठीची नक्कल दुसऱ्या गांवीं असावी हें त्या दिवसापर्यंत कोणास महत्त्वाचें वाटलें असेल असें नाहीं.

पण ह्या चित्रांच्या गमतींत मी आपणांस गुंतवून ठेवणें बरें नव्हे. कारण चिठ्ठी सर्वदा निरुपद्रवी असतेच असें नाहीं. ज्या सान फ्रान्सिस्कोचे व्यापारी आपले मार्के साक्रामेंटोस नोंदवीत होते, त्याच शहरांत १८७४-७५ च्या सुमारास चिरुटांच्या पेट्यांवर एक पांढरी चिठ्ठी दिसूं लागली. त्या धंद्यांत चिनी कारागिरांचा भरणा फार मोठा होता. ते कमी मजुरींत काम करीत आणि चांगलें करीत. गोऱ्या कारागिरांच्या संघानें तेव्हां ही चिठ्ठी काढली. तिचा अर्थ एवढाच कीं, ह्या पेटींतील चिरूट गोऱ्या माणसांनीं वळले आहेत. अमेरिकेंतील कामगारसंघांच्या चिठ्ठ्यांचा इतिहास येथून सुरू होतो. १८८० सालीं चिरूटकामगारांच्या राष्ट्रीय संघानें निळी चिठ्ठी स्वीकारली, आणि पुढें अशी चिठ्ठी म्हणजे योग्य मजुरीची व स्वच्छ कारखान्याची खूण असें मानलें जाऊं लागलें. मजुरांच्या हक्काची ही खूण जन्मली ती मात्र दुसऱ्या मजुरांस बाजारांतून हांकलण्यासाठीं. १८८२ सालीं चिनी मजुरांस अमेरिकेंत येण्याची बंदी करणारा कायदा झाला, त्याच्या आधीं सातआठ वर्षें ही बंदी चिरुटाच्या पेटीवर छापून विकली जात होती.

मार्का हा माणसानें आपण होऊन दिलेला. फोटोची गोष्ट वेगळी. ह्या दफ्तरांत सान क्वेंटिन आणि फॉल्सम येथील तुरुंगांच्या नोंदवह्या व कैद्यांचे फोटो आहेत. पहिला तुरुंग १८५२ सालचा, दुसरा १८८० चा. नोंदवहींत कैद्याचें नांव, वय, जन्मस्थान, धंदा, उंची, गुन्हा आणि शिक्षा. आणि फोटोंत एक चेहरा, ज्याला आपण चित्र काढवून घ्यावें कीं नाहीं असें कोणीं विचारलेलें नाहीं. श्रीमंतांचे त्या काळचे फोटो पाहिले तर सगळे एकसारखे दिसतात. तोच पडदा, तीच कुंडी, तोच कोट. परंतु गरीब माणसाचा चेहरा जर त्या शतकांतून आपल्यापर्यंत कोठून आला असेल तर तो पुष्कळदां तुरुंगांतून आला आहे.

ह्या वह्यांतील सर्वांत प्रसिद्ध कैदी मात्र गरीब दिसणारा नव्हता. १८७५ ते १८८३ ह्या आठ वर्षांत डोंगरी रस्त्यांवर एक माणूस वेल्स फार्गो कंपनीच्या टपालगाड्या एकामागून एक लुटीत होता. अशा २८ लुटी त्याच्या नांवावर सांगतात. डोक्यावर पिठाचें पोतें ओढून तो पायींच येई, पायींच जाई, आणि त्यानें एकदांहि गोळी झाडली नाहीं. दोन वेळां त्यानें मागें कविता लिहून ठेविल्या आणि खालीं सही केली ‘ब्लॅक बार्ट’! १८८३ च्या नोव्हेंबरांत शेवटच्या लुटीच्या वेळीं पळतांना त्याचा हातरुमाल पडला. रुमालाच्या कोपऱ्यास धोब्याची खूण होती, ‘एफ्. एक्स्. ओ. ७’. हॅरी मोर्स नांवाच्या गुप्त पोलिसानें ती खूण घेऊन सान फ्रान्सिस्कोंतील सुमारें ९० धोबीखाने पालथे घातले, आणि शेवटीं ती एका सभ्य गृहस्थाच्या कपड्यांची निघाली. हा गृहस्थ, चार्ल्स बोल्स, आपण खाणींच्या धंद्यांत आहों असें सांगून शहरांत प्रतिष्ठितपणें राहत असे. अटकेनंतरच्या त्याच्या फोटोंत पांढरी मिशी आणि नीटनेटका पोषाख पाहून तो एकादा पेन्शनर मुख्याध्यापकच वाटावा. तुरुंगाच्या वहींत त्याचें नांव ‘सी. ई. बोल्टन’ असें आहे. तें त्यानेंच सांगितलेलें एक नांव. सरकारी वही खरी असते ती इतपतच! सहा वर्षांची शिक्षा झाली, चांगल्या वर्तणुकीमुळें १८८८ च्या जानेवारींत तो सुटला, आणि थोड्याच आठवड्यांनीं असा नाहींसा झाला कीं, पुढें त्याचा खात्रीलायक कागद कोठेंहि नाहीं.

चोराचा फोटो सरकारनें घेतला तर त्याविषयीं कोणी हळहळणार नाहीं. पण १८९२ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें असा कायदा केला कीं, प्रत्येक चिनी मजुरानें आपल्या वास्तव्याचा दाखला सदैव जवळ बाळगावा. आणि पुढील वर्षीं त्या दाखल्यावर फोटोहि असावा असें ठरलें. इतर कोणत्याहि जातीच्या रहिवाशास ही सक्ति नव्हती. चिनी लोकांनीं संघटितपणें दाखले घेण्याचें नाकारलें, न्यायालयांत दाद मागितली, आणि ते हरले. हे दाखले केंद्रसरकारच्या दफ्तरांत गेले, साक्रामेंटोंत नव्हेत. परंतु तुरुंगांतले फोटो पाहतांना ते आठवल्यावांचून राहत नाहींत. आणि गंमत पाहा, १९०६ च्या ज्या आगींत इतरांचे पुरावे जळाले त्याच आगींत सान फ्रान्सिस्कोच्या जन्मनोंदीहि जळाल्या. अमेरिकेंत जन्मलेला चिनी हा अमेरिकेचा नागरिक होय असा निकाल १८९८ सालीं सर्वश्रेष्ठ न्यायालयानें दिलेलाच होता. मग अनेक चिन्यांनीं आपला जन्म ह्याच शहरांतला असें सांगितलें. तें खोटें आहे हें दाखविण्यास सरकारपाशीं कागद कोठें होता? त्यांच्या नांवावर पुढें चीनमधून जे मुलगे आले, त्यांतले कित्येक केवळ कागदावरचे मुलगे होते. तपासणीच्या बेटावर ह्या मुलांना गांवांतील घरें किती, विहीर कोणत्या बाजूस, असले प्रश्न दिवसच्या दिवस विचारीत, आणि तीं उत्तरें मुलें बोटींत पाठ करीत येत.

आतां पत्रें. ह्या दफ्तरांत गव्हर्नरांस आलेलीं व गव्हर्नरांनीं धाडलेलीं पत्रें आहेत. त्यांत कैद्यांच्या सुटकेसाठीं केलेले विनंतिअर्जहि पुष्कळ आहेत. परंतु आपल्या दृष्टीनें एका पत्राचा उल्लेख विशेष केला पाहिजे. १९२० च्या जूनच्या १९ तारखेस गव्हर्नर विल्यम स्टीफन्स यानें अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बेनब्रिज कोल्बी यांस एक लांबलचक पत्र लिहिलें आणि त्यासोबत आपल्या सरकारी मंडळानें तयार केलेला एक अहवाल धाडला. विषय, कॅलिफोर्नियांतील जपानी, चिनी आणि ‘हिंदु’. पत्राची भाषा सभ्य आहे. जपानी शेतकऱ्याचा उद्योगीपणा निर्विवाद आहे हें गव्हर्नर मान्य करतो. किंबहुना तोच त्याच्या तक्रारीचा विषय आहे. जमीन त्यांच्या हातीं जात आहे, तेव्हां त्यांचें येणें बंद करावें! १९१३ सालींच तेथें असा कायदा झाला होता कीं, ज्यांना नागरिक होण्याचा अधिकार नाहीं त्यांनीं शेतजमीन विकत घेऊं नये. १९२० च्या नोव्हेंबरांत लोकमत घेऊन तो आणखी कडक करण्यांत आला.

ह्या अहवालांतील ‘हिंदु’ म्हणजे बहुतेक पंजाबांतले शीख शेतकरी. त्यांची संख्या जपान्यांच्या मानानें अगदींच अल्प होती, पण अहवाल त्यांच्याविषयीं जें लिहितो तें सर्वांत कठोर आहे. अस्वच्छता, अनीति, अयोग्यता, कांहींच बाकी ठेवलेलें नाहीं. गदर पक्ष ह्याच किनाऱ्यावर १९१३ सालीं उभा राहिला आणि त्याचें पत्र सान फ्रान्सिस्कोहून निघूं लागलें, हें लक्षांत ठेवून तो मजकूर वाचावा. त्या चळवळींत आपले पांडुरंग खानखोजे होते. आणि १९१५ सालीं लाहोरास फांसावर चढलेले विष्णु गणेश पिंगळेहि त्याच किनाऱ्यावरून परतलेले. १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत हिंदी माणूस ‘गोरा’ नव्हे असा निकाल होतांच त्या पंजाब्यांसहि जमिनीचा कायदा लागू झाला. मग कोणी मेक्सिकन बायकोच्या माहेरच्यांच्या नांवें, कोणी अमेरिकेंत जन्मलेल्या मुलांच्या नांवें, कोणी विश्वासू गोऱ्या शेजाऱ्याच्या नांवें जमीन कसली. खातेंपुस्तकांत एक नांव आणि बांधावर दुसराच माणूस! १९४६ सालीं हिंदी लोकांस नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला. दहाच वर्षांनीं त्याच भागांतून दलीपसिंग सौंद अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेले.

जमिनीच्या कागदांचा आणखी एक उपयोग त्या संस्थानानें करून घेतला, तो सांगून मी आपली रजा घेतों. १९४१ च्या डिसेंबरांत जपानशीं युद्ध सुरू झालें. त्या वेळीं अर्ल वॉरन हे कॅलिफोर्नियाचे सरकारी वकील होते. त्यांनीं जिल्ह्याजिल्ह्यांतून जपान्यांच्या वहिवाटीच्या जमिनींचे नकाशे मागविले आणि १९४२ च्या फेब्रुवारींत ते काँग्रेसच्या चौकशीसमितीपुढें मांडले. विमानतळाजवळ जपान्याचें शेत, आगगाडीच्या रुळाजवळ जपान्याचें शेत. ह्यावरून संशय घ्यावा असें त्यांचें म्हणणें. तीं शेतें तेथें पुष्कळदां विमानतळाच्या आधींपासून होतीं, आणि रुळाजवळची जमीन कोणी घेईना म्हणून त्यांना मिळाली होती, हें नकाशांत दिसण्यासारखें नव्हतें. एक लाखाहून अधिक माणसें घरांतून उठवून छावण्यांत नेलीं. त्यांतलीं सुमारें दोनतृतीयांश जन्मानें अमेरिकन नागरिक होतीं. हेच वॉरन पुढें अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले, आणि काळ्या व गोऱ्या मुलांस वेगळ्या शाळा ठेवणें घटनाबाह्य आहे हा १९५४ चा निकाल त्यांनींच दिला. आपण जपान्यांच्या बाबतींत वागलों त्याचा फार पश्चात्ताप होतो, विशेषतः लहान मुलांना घराबाहेर काढल्याचा, असें त्यांनीं आपल्या आत्मवृत्तांत लिहिलें. तें पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९७७ सालीं प्रसिद्ध झालें. वॉरन यांचे खासगी व सरकारी कागद साक्रामेंटोच्या ह्याच दफ्तरांत आहेत, आणि मागेल त्यास ते वाचावयास मिळतात.